पास्टरभाऊचे कान

पास्टरभाऊचे कान सुपाएवढे होते असं मी म्हटलं, की लोक म्हणतात, गुरांचा डॉक्टर पुन्हा फेकायला लागला. बरं बाबा, कमी करतो. सुपापेक्षा बोटभर लहान होते. पण त्या कानांची करामत मात्र मी तिळभरही वाढवलेली नाही. तलावाच्या मधोमध एखादी मासोळी खोकली, तर हा माणूस अंगणात जेवता जेवता घास थांबवून सांगायचा, "कटला हाय. सर्दी झाली त्याले."

ताडोबाच्या बाजूला मूल-सिंदेवाहीच्या पट्ट्यात डांबरी रस्ता सोडून जंगलात शिरलं, की पळसाच्या आणि सागाच्या मधून एक कच्चा रस्ता जातो आणि तो जिथे दमून बसतो तिथे एक मोठा तलाव आहे. तलावाला चिकटून गाव. तिथल्या गुरांच्या दवाखान्यावर माझी पहिली नेमणूक झाली होती. दवाखाना म्हणजे एक खोली, गुरं अडकवायचा एक खोडा आणि छपरावर पिढ्यान्‌पिढ्या राहणारी वानरं. गावात खोली भाड्याने देईल असा माणूस एकच निघाला, तो हा. गावातली बेचाळीस घरं तलावाच्या मासोळीवर जगायची, आणि त्या बेचाळिसांत एकच घर ख्रिस्ती होतं. तेही पूर्ण नाही, अर्धंच. भाऊ ख्रिस्ती, त्यांची बाई नाही. बाई आपल्या मातामायला, म्हणजे गावदेवीला, नारळ फोडायच्या, भाऊ त्यातलं खोबरं चाखायचे, आणि दोन्ही देवांनी याबद्दल कधी तक्रार केल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

ते पास्टरही नव्हते, हे सांगितलंच पाहिजे. खरा पास्टर महिन्यातून एकदा शेजारच्या मोठ्या गावी यायचा. तिथे टिनाचं छप्पर असलेलं एक प्रार्थनाघर होतं आणि मोजून अकरा माणसं. पण अकरांतल्या दहांनी ख्रिस्ताला मुकाट्यानं मानलं होतं आणि भाऊंनी मात्र तोंडानं मानलं होतं, म्हणून पदवी त्यांना मिळाली.

ख्रिस्ती कसे झालात, असं मी पहिल्याच आठवड्यात विचारलं. म्हणाले, "पोटात गाठ झाली होती जी. मिशनच्या दवाखान्यात दीड महिना पडून होतो. उशापाशी काळ्या कव्हरचं एकच पुस्तक. दुसरं काई वाचाले नाई. मधातूनच उघडलं, अन् पाह्यतो तं काय, मासेमार! प्रभूची अख्खी टोळी आपल्यावाली! म्हटलं, हा देव आपल्या कामाचा हाय."

त्या टोळीबद्दल मात्र त्यांचं मत काही फार चांगलं नव्हतं. प्रभूच्या चेल्यांनी रात्रभर जाळं टाकलं आणि एकही मासोळी मिळाली नाही, ही गोष्ट वाचली की भाऊंचा जीव तीळतीळ तुटायचा. "रातभर? अन् एकही नाई? अरे, मले सांगते तं मी आलो असतो!" मग प्रभू काठावरून सांगतो, जाळं उजव्या बाजूला टाका, आणि जाळं ओढवेनासं होईस्तोवर मासे लागतात. पास्टर याला चमत्कार म्हणायचा. भाऊ भर प्रार्थनेत उभे राहून म्हणाले होते, "पास्टरसाहेब, हा चमत्कार नोहे. सकायच्या पारी ऊन पडते तिकडं मासोळी येतेच. चमत्कार हा हाय का त्या गधड्यायनं ऐकलं!"

पास्टर तरुण होता. त्यानं डोळे मिटून दुसरं गीत सुरू केलं.

मला खोली मिळाली ती तीन अटींवर. "एक, घरात मोहाची आणाची नाई. दोन, घरात खोटं बोलाचं नाई. तीन, मी प्रार्थनेले बसलो का मासोळी तळाची नाई." आठवडाभरात माझ्या हातून तिन्ही मोडल्या, त्यांतल्या दोन तर एकाच संध्याकाळी. भाऊंनी मला हाकललं नाही. म्हणाले, "सत्तरवेळा सात माफ कराचं हाय. तुमचे तीन झाले. अजून लय जागा हाय डॉक्टर, पण जरा पुरवून वापरा."

सैतानाला ते सैतान म्हणत नसत. जावईबापू म्हणत. का, तर "बोलावल्याबिगर येते, आल्यावर पाट मांडा लागते, जाचं नाव घेत नाई, अन् हाकलला तं आपलीच पोरगी रडते. पोरगी म्हणजे आपलं मन, डॉक्टर." जावईबापूंचा मुख्य मुक्काम असायचा चैत्रात. गावभर मोहफुलं वाळत घातलेली, हवेला असा गोड वास की मुंगीलाही झिंग यावी. आणि भाऊ म्हणजे एकेकाळचे त्या पट्ट्यातले नामांकित गाळणारे. त्यांच्या हातची पिऊन बैल उभ्या उभ्या भजन म्हणायचे, असं मला एका बैलाच्या मालकानेच सांगितलंय. बाप्तिस्मा झाल्यावर भट्टी फोडली, पण नाक कुठे फोडणार? चैत्रात ते नाकाला कापराची पुरचुंडी बांधून ओसरीवर बसायचे आणि रस्त्याकडे तोंड करून ओरडायचे, "जावईबापू, आज पाट मांडला नाई! फुडच्या घरी पाहा!"

पुढच्या घरचा माणूस कुडाच्या वरून डोकं काढायचा. "का हो पास्टरभाऊ, तुमचा जावई माह्या घरी काऊन धाडता? मी काल पेलो तितकीच पुरे हाय!"

शिव्या सोडणं त्यांना दारूहून जड गेलं. आमच्या पट्ट्यात शिवी ही काही शिवी नसते, स्वल्पविराम असतो. भाऊंनी शिव्या सोडल्या आणि त्यांच्या जागी मासे बसवले. बारक्या रागाला झिंगा, मोठ्या रागाला मांगूर, आणि अगदीच कोणी नीच निघाला तर वाम. एकदा माझी मोटरसायकल त्यांच्या पायावरून गेली. भाऊ एका पायावर नाचत "वाम! वाम! वामीचा बाप मांगूर!" असं ओरडत होते आणि बाई आतून म्हणत होत्या, "बाजारातून आणाची हाय का, तं चिंच संपली म्हणा."

शत्रूवर प्रेम करा, हे वाक्यही त्यांनी शब्दशः घेतलं होतं. एका हिवाळ्यात तलावाच्या पाळीवर वाघ आला. पाळ म्हणजे तलावाचा मातीचा बांध. भाऊ जाळं खांद्यावर टाकून चालले होते आणि समोर हा पठ्ठ्या पाणी पीत बसलेला. मी सांगतो तो वाघ बैलगाडीएवढा होता. वनखात्याचा माणूस म्हणाला, लहानच होता, पण वनखात्याला सवय झालेली असते. भाऊ येनाच्या झाडावर असे चढले की मागे चप्पल राहिली, त्या चपलेच्या मागे सावली राहिली. आणि वर बसून त्यांनी वाघासाठी मोठ्याने प्रार्थना केली. त्याचं भलं होवो, त्याच्या लेकराबाळांचं भलं होवो, त्याला ताडोबात चांगली जागा मिळो. वाघ अर्धा तास ऐकत बसला आणि कंटाळून गेला. नंतर गाव हसलं, तर भाऊ म्हणाले, "प्रेम कर म्हणून सांगतलं. जवळ जाऊन कर असं कुठी हाय?"

इतकं सगळं सांगितल्यावर तुम्हाला वाटेल, नुसता गमत्या माणूस. नाही. या माणसाची एक गोष्ट अशी होती की तिच्यापुढे मी, गावात कोणाचंही न ऐकणारा, गप्प व्हायचो. प्रभुभोजनाच्या रविवारी, म्हणजे पास्टर भाकर आणि द्राक्षरसाचा पेला फिरवायचा त्या दिवशी, मनात एकही काटा ठेवून तो पेला तोंडाला लावायचा नाही, हा त्यांचा नेम होता. काटा असला तर आदल्या दिवसापर्यंत जाऊन काढून यायचं. एकदा सायकल मारत तीन गावं ओलांडून साळ्याकडे गेले आणि त्याला म्हणाले, "बापू, मागच्या दिवाळीले मी मनात म्हटलं होतं का तुले आठ दिवस परसाकडे होऊ नये. माफ कर." साळा म्हणाला, "तेव्हा खरंच झाली नवती!" दोघांचं त्यावरून भांडण झालं, मग माफी झाली, मग जेवण झालं. काटा निघाला नाही, तर भाऊ प्रार्थनाघराच्या बाहेर चिंचेखाली बसून राहायचे. आत जायचे नाहीत. पेल्याशिवाय परत आलेला त्यांचा चेहरा मी एकदा पाहिलाय. आमच्याकडे गाय वासरू गमावते तेव्हा तशी दिसते.

आता मासोळीच्या वाट्यांचं सांगतो, कारण सगळं तिथेच येऊन अडलं.

उन्हाळ्यात तलाव उतरला, की गावच्या मच्छीमार संस्थेची मोठी मासेमारी व्हायची. बेचाळीस घरांनी मिळून जाळी ओढायची, मासोळी पाळीवर ओतायची आणि तिचे बेचाळीस ढीग करायचे. मग एक माणूस ढिगांकडे पाठ करून बसतो. दुसरा हातातली काठी एका ढिगावर टेकवून विचारतो, "हा कोणाचा?" पाठमोरा माणूस मनाला येईल ते एक नाव घेतो. ज्याचं नाव, त्याचा ढीग. त्यावर कुरकूर नाही, बदलाबदल नाही. पाठीला डोळे नसतात, म्हणून न्याय. हा पाठमोरं बसायचा मान भाऊंच्या घराण्याचा. ते ख्रिस्ती झाले तेव्हा गावानं त्यांच्या हातचं पाणी बंद केलं, लग्नाच्या पंगतीतून उठवलं, एक पावसाळा त्यांच्याशी कोणी बोललं नाही. पण उन्हाळा आला आणि पाळीवर बसवायला दुसरा विश्वासाचा माणूस सापडेना, तेव्हा तीच माणसं दारात आली. तेव्हापासून पाणीही सुरू झालं.

आणि गंमत बघा. पाठीला डोळे नसतात, पण माणसाला कान असतात, हे त्या बेचाळीस घरांत कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

कटला, रोहू पाण्याबाहेर काढले की थोड्या वेळात गप्प होतात. मरळीचं तसं नाही. मरळ तास-तासभर जिवंत राहते आणि शेपटी आपटत असते. आमच्याकडे मरळीपुढे सोनं काही नाही. आणि त्या बेचाळीस ढिगांत हातभर लांबीची मरळ असायची एकाच ढिगात. काठी तिच्याजवळ आली, की ती फाट्‌ करून शेपटी आपटायची. तुम्हाआम्हाला त्या गोंधळात ऐकू येणार नाही. पण सुपाएवढ्या कानांना?

बाप्तिस्म्याच्या आधी भाऊ त्या फाट्‌ला स्वतःचं नाव घ्यायचे. गाव म्हणायचं, नशीबवान आहे. बाप्तिस्म्यानंतर हे पाप त्यांनी सोडलं. ऐकू येऊ नये म्हणून तोंडातल्या तोंडात गीत म्हणत बसायचे. मग त्यांचा जोडीदार, लहानपणापासून एका डोंग्यात बसलेला, एका श्रावणात त्याच तलावात बुडाला. मागे बायको राहिली आणि संस्थेतला नवऱ्याचा वाटा तिच्या नावावर आला. त्या उन्हाळ्यात भाऊंनी गीत म्हणणं थांबवलं. फाट्‌ झालं की तिचं नाव. दरवर्षी. सात वर्षं. स्वतःसाठी काही नाही, विधवेसाठी करतो, म्हणजे हे पाप नव्हेच, असं त्यांचं पक्कं मत होतं. मला हे सगळं कळलं ते आठव्या वर्षी, त्यांच्याच ताटासमोर.

गुड फ्रायडेच्या चारपाच दिवस आधीची गोष्ट. संस्थेनं मासेमारी शनिवारी ठरवली होती, आणि रविवारी ईस्टर. भाऊ, मी आणि बाई दुपारचं जेवत होतो. बाई भात वाढता वाढता म्हणाल्या, "यंदा तिले सांगा, मुंडक्यात चिंच जरा कमी टाक."

"कोणतं मुंडकं?" भाऊंनी विचारलं.

"मरळीचं. दरसाल तिच्या घरून रांधून येते ते. तुमच्या तोंडून नाव निघालं म्हणून धाडते ना ती बिचारी." बाईंनी वरण ओतलं. "अजी, मरळ तिच्या वाट्याले जाते अन् मुंडकं आपल्या घरी येते. सात साल झाले. आंधळ्यालेही दिसल. तुम्ही तं नुसते पाठमोरे हाय."

भाऊंचा हात भातात तसाच राहिला. मरळीचं मुंडकं हा त्यांचा जीव होता. ते चोखायला लागले की शेजारच्या घरी आवाज जायचा. माणूस पाहता पाहता असा पांढरा पडला, की मी नाडी बघायला हात पुढे केला. मला फक्त गुरांची कळते, पण वेळ तशी होती.

"जावईबापू," भाऊ हळूच म्हणाले, "सात साल माह्या ताटात जेवून गेले, डॉक्टर. अन् मी त्याले पुण्य समजून वाढत होतो."

त्यानंतर त्यांनी एकच धोशा लावला. शनिवारी पाळीवर, सगळ्यांसमोर सांगायचं. नाहीतर रविवारी पेला नाही. आणि ईस्टरचा पेला चुकला, तर ख्रिस्ती होऊन काय केलं?

इथे माझ्यासारख्या शहाण्या माणसाला मध्ये पडणं भाग होतं. कारण गावात तेव्हा बारूद भरलेलं होतं. वरचा मोहल्ला आणि खालचा मोहल्ला यांचं दोन वर्षांपासून पटत नव्हतं. संस्थेचा अध्यक्ष वरच्या मोहल्ल्यातला. त्यानं बाहेरच्या एका ठेकेदाराला तलाव द्यायचा ठराव लिहून खिशात ठेवला होता आणि सांगून टाकलं होतं, "यंदा वाट्यावरून एक जरी भांडण झालं, तं तिथीच सह्या घेतो. मले तुमच्यात मराचं नाई." तलाव ठेकेदाराकडे गेला की बेचाळीस घरं आपल्याच तलावावर मजूर होणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. दोन्ही मोहल्ल्यांचा एकमेकांच्या कशावरच भरवसा उरला नव्हता. उरला होता तो फक्त एका पाठमोऱ्या माणसावर. आणि हा पाठमोरा माणूस उठून सांगणार होता की मी इतकी वर्षं लबाडी केली!

"भाऊ," मी हात जोडले, "कबूल करा, जरूर करा. पण सोमवारी करा. वाटे होऊन जाऊ द्या."

"प्रभू रविवारी उठते डॉक्टर, अन् मी सोमवारी उठू?"

अध्यक्षालाही कुठून तरी वास लागला. तो येऊन ओसरीवर बसला. "पास्टरभाऊ, तुमच्या मनात काय हाय ते मले माहीत नाई, अन् ऐकाचंही नाई. पण तोंड उघडान तं फक्त नाव घ्याले उघडजा. गावाचं पोट हाय त्यात."

"अन् माहं?"

"तुमच्या पोटाले काय झालं?"

"पोटाचं नाई गा बोलून राह्यलो," भाऊ म्हणाले.

शनिवारी सकाळी अख्खं गाव पाळीवर. बायका, म्हातारे, कुत्रे, बगळे, आणि मोटरसायकलवर रेलून बसलेला, डोळ्याला काळा चश्मा लावलेला ठेकेदाराचा माणूस. ढीग लागले. मरळ मी पाहिली. मांडीएवढी होती. बरं, दंडाएवढी. भाऊ धुतलेला सदरा घालून आले आणि ढिगांकडे पाठ करून बसले. काठी खालच्या मोहल्ल्यातल्या एका दांडगट माणसाकडे होती. अध्यक्षाचा नंबर एकचा वैरी. त्यानं पहिल्या ढिगावर काठी टेकवली.

"हा कोणाचा?"

भाऊंनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

"अजी, हा कोणाचा?"

"माह्या पाठीले डोये नाई," भाऊ मोठ्याने म्हणाले, "पण मले कान हाय." आणि मग सगळं सांगितलं. पाठ तशीच, तोंड पाण्याकडे. आधी स्वतःचं नाव घ्यायचो ते, मग सात वर्षं तिचं घेतलं ते, मुंडकं खाल्लं ते. शेवटी म्हणाले, "तुम्ही मले जे म्हणान ते मी हाय. वाम हाय मी."

आधी कोणालाच समजलं नाही. मग सगळ्यांना एकदम समजलं. वरचा मोहल्ला म्हणाला, आम्हाला लुटलं. खालचा म्हणाला, तुम्हाला काऊन, आम्हाला. एकानं ढिगाला लाथ मारली, दुसऱ्यानं त्याची कॉलर धरली, एक म्हातारी आपल्या कपाळावर हात मारत मागच्या सगळ्या वर्षांची मरळ परत मागत होती. अध्यक्षानं खिशातून कागद काढला. ठेकेदाराच्या माणसानं चश्मा काढून पेन काढलं.

तेवढ्यात ती विधवा ढिगांमधून चालत पुढे आली. मला वाटलं, रडेल, किंवा भाऊंच्या पाया पडेल. तिनं येऊन भाऊंच्या पाठीवर असा गुद्दा घातला की ते पुढे वाकले.

"मले काऊन सांगतलं?" ती म्हणाली. "सात साल मी काय समजली, तुम्हाले माहीत हाय? माहा नवरा धाडून राह्यला समजली मी. पाण्यात गेला, पण पाण्यातून आपली आठवण ठेवून राह्यला म्हणत होती. मरळ घरी नेली का पहिला घास पाण्यात सोडत होती त्याच्या नावानं. अन् ते तुम्ही होते?" तिनं दुसरा गुद्दा घातला. "तुमच्या देवाचं साफ झालं. माहं काय ठेवलं तुम्ही?"

धरलेली कॉलर सुटली. या एका वेळी मी काही वाढवून सांगत नाही. भाऊ मागे वळले. त्यांचं तोंड उघडं होतं आणि त्यात एकही मासा नव्हता, एकही वचन नव्हतं. हा विचार त्यांच्या मनात आलाच नव्हता. काटा आपल्या पायातून काढताना तो कोणाच्या पायात जातो, हे बघायचं राहून गेलं होतं.

त्या विधवेनंच मग पाण्याच्या काठावरून ओंजळभर चिखल उचलला. कणीक मळावी तसा तो मळला, त्याचे दोन गोळे केले, आणि भाऊंचं डोकं गुडघ्यात दाबल्यासारखं धरून दोन्ही कान बुजवले. वर आपल्या पदराची चिंधी फाडून बांधली. त्या कानांना चिखल किती लागला म्हणता? तलाव दोन बोटं खोल झाला.

"आता बसा," ती म्हणाली. ऐकू गेलं नसणार, पण भाऊ पुन्हा ढिगांकडे पाठ करून बसले. "अन् तू इचार," तिनं काठीवाल्याला सांगितलं. "जे निंगल ते निंगल."

काठीवाल्यानं विचारण्याऐवजी भाऊंच्या खांद्यावर टिचकी मारायला सुरुवात केली. काठी ढिगावर, टिचकी खांद्यावर, की भाऊ नाव घेणार. पहिलं नाव, दुसरं, तिसरं. सगळ्यांचे डोळे काठीला चिकटलेले. आठ ढीग गेले. मरळ अजून पडून होती, फाट्‌फाट्‌ करत. नवव्या वेळी काठी एका दरिद्री ढिगावर टेकली. झिंगे, दोन बोटभर रोहू आणि एक मेलेला खेकडा. टिचकी.

भाऊंनी तिचं नाव घेतलं.

काठीवाल्यानं काठी उचलली नाही. त्यानं अध्यक्षाकडे पाहिलं. वैरी होता त्याचा. कुंपणाच्या हातभर जागेवरून दोघांची डोकी फुटलेली. अध्यक्षानं त्याच्याकडे पाहिलं. मग अध्यक्ष सावकाश वळला, तलावाकडे तोंड करून उभा राहिला आणि त्यानं बिडी पेटवली. हातात ठरावाचा कागद होता, त्यानंच काडीला आडोसा केला. आणि काठी त्या खेकड्यावरून उठली, तीन ढीग ओलांडून गेली, आणि मरळीवर जाऊन बसली.

बेचाळीस घरांनी ते पाहिलं. मघाशी लाथ मारणाऱ्यानं पाहिलं, कॉलर धरणाऱ्यानं पाहिलं, कपाळ बडवणाऱ्या म्हातारीनं पाहिलं आणि पदरानं तोंड पुसलं. भाऊंच्या बायकोनं पाहिलं. त्या विधवेनंही पाहिलं. ती हलली नाही. मग खाली बसून तिनं टोपलीत ढीग भरला, मरळ वर ठेवली आणि पाळीच्या कडेला जाऊन उभी राहिली, पाण्याकडे बघत.

शेवटचं नाव झाल्यावर भाऊंचे कान सोडले. त्यांनी वळून टोपलीतली मरळ पाहिली आणि दोन्ही हात वर करून असे गरजले की ठेकेदाराच्या माणसाची मोटरसायकल स्टँडवरून पडली. "कृपा! कृपा झाली!" ठेकेदाराचा माणूस गाडी उचलून निघून गेला. सह्या घ्यायला भांडणच उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाऊंना मोटरसायकलवर बसवून शेजारच्या गावी प्रार्थनेला घेऊन चाललो होतो. त्यांचे कान अजून काठाकाठाने चिखलाचे होते. पळसाच्या वळणावर ते मागून म्हणाले, "डॉक्टर, काल माही पाठ होती. तुमचे तं डोये होते. काई गडबड तं नाई ना झाली?"

मी जन्माचा थापाड्या. माझ्या थापा सहसा अर्धा तास चालतात, त्यांत वाघ असतो, पूर असतो, एखादा तहसीलदार असतो. त्या दिवशी मी फक्त "नाही" म्हणालो, आणि तेवढ्यालाच मला घाम फुटला.

भाऊ प्रार्थनाघरापाशी उतरले. चिंचेखाली थांबले नाहीत, सरळ आत गेले. मी दारातून पाहिलं. पेला त्यांच्यापाशी आला तेव्हा त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि बराच वेळ पुढे सरकवला नाही, शेवटी शेजारच्यानं ओढून घेतला.

बाहेर आले, चपला घातल्या, आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "तुमच्यासाठी प्रार्थना केली. घरात खोटं बोलाचं नाई म्हणून सांगतलं होतं, रस्त्यावरचं माफ कर म्हटलं."

मी गाडीची किल्ली शोधायला लागलो. ती हातातच होती. "तुम्हाला कसं कळलं?"

"बेचाळीस घरं," भाऊ म्हणाले. "मासोळीचे वाटे. अन् मरळ पुन्हा तिच्याच टोपलीत. मी वळून पाह्यतो तं कोणी कोणाले शिवी देऊन नाई राह्यलं, कोणी ढीग मोजून नाई राह्यलं, अध्यक्ष अन् तो दांडगा एका काडीवर बिड्या पेटवून राह्यले. आमच्या गावात असं कधी होते का जी? तेव्हाच समजलं का सगळ्यायनं मिळून काईतरी केलं."

"समजलं होतं, तर मग कृपा म्हणून कशाला ओरडलात? मला वाटलं, चमत्कार समजलात."

भाऊंनी कानात करंगळी घालून चिखलाचा एक खडा काढला, तो उन्हात धरून पाहिला आणि खाली टाकला.

"मंग तुम्ही काय म्हणता त्याले?" ते म्हणाले, आणि गाडीवर बसले.